माझ्या पीएफमधल्या दोघी

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत निम्म्या लोकांना त्यांचा पीएफ फोनवर बघायला मी शिकवलं. उगाच बढाई मारत नाही. नंबर टाकायचा, ओटीपी आला की तोही टाकायचा, की पासबुक समोर. कंपनीने ह्या महिन्याचे पैसे भरले का, व्याज जमा झालं का, सगळं गॅसवर दूध तापेपर्यंत कळतं. पूर्वी हेच विचारायला अकाउंट्सच्या साहेबांच्या टेबलापुढे उभं राहावं लागायचं, आणि ते मान वर न करता "बघू" म्हणायचे. आता माझं मीच बघते.

नोकरी मी दोनदा केली. लग्नाआधी ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या माहेराहून चालत जाता यायचं अशा एका औषधांच्या कंपनीत. आणि मग थेट मुलं कॉलेजात गेल्यावर, डोंबिवलीतल्या एका ऑफिसात. मधली वर्षं घरी. त्या वर्षांत मला कशाची ददात नव्हती, पण भाचीला फ्रॉक घ्यायचा म्हटलं तरी ह्यांच्याकडे मागावं लागायचं. हे लगेच द्यायचे. पण मागावं लागायचं, आणि त्याचा मला मनापासून राग यायचा. म्हणून मला माझी पेन्शन हवी होती. लहान का असेना, माझी.

रिटायरमेंट जवळ आली तशी मी पासबुकात नोकरीची वर्षं बघितली. पेन्शनला दहा वर्षं भरावी लागतात, आणि माझी दुसरी नोकरी थोडक्यासाठी कमी पडत होती. मी जराही घाबरले नाही. ठाण्याची वर्षं होती की! ते पैसे मी कधी काढलेच नव्हते, खात्याचा नंबरही जपून ठेवलेला. बसल्याजागी दोन्ही खाती ऑनलाइन जोडायला घेतली. उत्तर आलं, नाव जुळत नाही.

जुळणार कसं? ठाण्याच्या खात्यावर माझं माहेरचं नाव. आणि आमच्यात लग्नात नुसतं आडनाव बदलून भागत नाही. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो, पेढे वाटले जातात. म्हणजे पहिलं नाव नवीन, मधलं नवऱ्याचं, आडनाव सासरचं. आधारवर तेच. तिन्हींतला एक शब्द जुळेल तर शपथ. कॉम्प्युटरच्या लेखी आम्ही दोन वेगळ्या बायका होतो, जन्मतारीख तेवढी एक.

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, कशाला नसत्या उठाठेवी, माझी पेन्शन आहे ना दोघांना पुरेल एवढी. मी म्हटलं, ती तुमची आहे. त्या दिवशी आमच्याकडे भांडी जरा जास्तच आवाज करत होती.

ठाण्याची कंपनी केव्हाच बंद पडलेली, त्यामुळे ओळख पटवणारं तिथे कुणी नव्हतं. कपाटातून लग्नाची पत्रिका काढली, ह्यांना बळेच बरोबर घेतलं आणि ठाण्याचं पीएफ ऑफिस गाठलं.

टेबलावरची मुलगी माझ्या लेकीच्या वयाची होती. तिने पत्रिका वाचली, आधार वाचलं आणि अगदी गोड आवाजात घोडं कुठे अडतंय ते सांगितलं. पत्रिकेवरून एवढंच कळतं की माहेरच्या नावाच्या मुलीशी ह्यांचं लग्न झालं. आधारवरून एवढंच कळतं की मी ह्यांची बायको.

"पण काकू, पत्रिकेतल्या त्या म्हणजे तुम्हीच, हे कशावरून?"

म्हणजे मी ह्यांची दुसरी बायको असू शकते! हसावं की भडकावं कळेना. पण पोरीचं चुकत नव्हतं. तिच्या जागी मी असते तर मीही सोडलं नसतं. दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या कुणीतरी प्रतिज्ञापत्र द्यायला हवं, म्हणाली. माझे आईवडील गेले, भाऊही गेला. त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. उरले हे.

तिने ह्यांनाच बायकोचं लग्नाआधीचं पूर्ण नाव विचारलं. मुलांचे वाढदिवससुद्धा ह्यांना मी आठवण करून देते, आणि ते नाव तर इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नव्हतं. पण हे अडखळले नाहीत. माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, आडनाव, एका दमात सांगितलं. वर म्हणाले, "हीच ती. बघायला गेलो तेव्हा हिने उलट माझाच पगार विचारला होता."

मुलगी हसली. मग रीतसर प्रतिज्ञापत्र, सह्या, शिक्के, आणखी एकदोन खेपा. शेवटच्या खेपेला ती म्हणाली की काम झालं, दोन्ही नोकऱ्या जोडता येतील, वर्षं भरतात, पेन्शन मिळेल. मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

"एकच राहिलं, काकू. जुन्या खात्यातलं नाव काढून तिथे आधारवरचं लावावं लागेल. तुमची संमती हवी. चालेल ना?"

"हो हो, लावा की," हे म्हणाले. तिने हातानेच ह्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

लग्नात ते नाव गेलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. नवीन नाव मी ताटातच वाचलं, सगळ्यांबरोबर. आज ही मुलगी विचारत होती, आणि नाही म्हटलं तर पेन्शनवर पाणी. भर ऑफिसात मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. हे खाली मान घालून बसले होते.

"चालेल," मी म्हटलं. "पण काढताना मला बघू दे."

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला, आणि मी मान हलवल्यावरच बटण दाबलं.