गळ्यापासून कमरेपर्यंत

"ही तूच का गं, म्हातारे?" ठाण्यातल्या साहेबानं फोटो माझ्यापुढं टेबलावर आपटला. शेजारचा हवालदार मान तिरकी करून बघत होता. दोघं हसले. तक्रार करणारे अध्यक्ष खुर्चीवर. मी उभी. सत्तरीला आलेय, पण बसा म्हणायला कुणाची जीभ उचलली नाय.

फोटो बघितला. गळ्यापासून कमरेपर्यंत. लोंबलेली छाती, पोटावर टाक्यांचा व्रण. तोंड कापलेलं. हात कापलेले.

थांबा, नीट सांगते. मी हर्सूलला राहते. चित्रकलेच्या कॉलेजात मॉडेल म्हणून बसते, लई वर्षं झाली. पोरं माझ्या पायाभोवती खडूनं रेघ मारतात. चहा पिऊन आलं की पाय पुन्हा त्याच रेघेत. त्यातली सायरा, शेवटच्या वर्षाची. तिनं विचारलं, "दादी, न्हाऊन बसल्यावरची तुमची तस्वीर काढू का?" मी विचार केला. मग हो म्हणलं. चित्रात मी पाटावर बसून केस विंचरते आणि बघणाऱ्याकडं सरळ बघते. ते प्रदर्शनात लागलं. कुठल्याशा संस्थेच्या या अध्यक्षांनी तक्रार केली, पोलिसांनी चित्र उचलून नेलं, त्याचाच हा कापलेला फोटो. सायरावर गुन्हा. अश्लीलतेचा.

अध्यक्ष लई गोड बोलले. "आजीबाई, तुमची काय चूक? तुमच्या लोकांना यातलं काय कळतंय? त्या पोरीनं फसवलं, एवढंच सांगा. या जबाबावर अंगठा द्या अन् घरी जा."

तुमच्या लोकांना.

तिथंच मला पिशोर आठवलं. माझं माहेर. आमच्या वस्तीत न्हाणी नव्हती. चार काठ्यांना लुगडं गुंडाळायचं, आत बसून अंगावर पाणी घ्यायचं. वाटंनं जाणारे मालक लोक मुद्दाम थांबायचे. वाऱ्यानं लुगडं उडालं की हसायचे. मी नुकती वयात आलेली. तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्या नाय. कुणी ठाण्याची पायरी चढलं नाय. मला न विचारता बघितलं, ते चाललं. मी हो म्हणून बसले, ते अश्लील?

"मला कुणी फसवलं नाय," मी म्हणलं. "आणि अंगठा कशाला? दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकलेय, सही येते मला. पण यावर करणार नाय."

"म्हातारे, तुलाबी आत टाकीन!" साहेब खेकसला.

"टाका. जेल माझ्या घरामागंच हाय. रिक्षा नका करू, चालत जाईन."

सायराची वकीलही पोरसवदाच. तिनं मला समजावलं. घटनेनं चित्र काढायचा हक्क दिलाय, आजी. त्याला मर्यादा हाय, पण मर्यादा घालणाऱ्यालाबी मर्यादा हाय. नुसतं उघडं अंग दिसलं म्हणून कोर्टाला अश्लील म्हणता येत नाय. अख्खं चित्र बघावं लागतं.

"मग फायलीत हा तुकडाच का गं लावला?"

उत्तर मलाच ठाऊक होतं. डोळे ठेवले असते तर बाई दिसली असती. डोळे कापले, मांस उरलं.

खटला चालूच हाय. चित्र ठाण्याच्या मालखान्यात, जप्तीच्या मालात धूळ खातंय. सायराचं कॉलेज अर्ध्यातच सुटलं. अध्यक्ष गळ्यात हार घालून कार्यक्रमांना फिरतात. सून म्हणते, "आत्याबाई, साक्षीला नका जाऊ, गल्लीत लोक नावं ठेवतात." ठेवू दे.

मी जाणार. पिंजऱ्यात उभी राहून पहिलं हेच मागणार, तो तुकडा बाजूला करा, अख्खं चित्र आणा, मग काय ते ठरवा. निकाल काहीबी लागो. फसलेली बाई म्हणून मी कोणत्याच कागदावर जाणार नाय.