विनिताचे पाहुणे

डिचोलीच्या खाणी बंद पडल्या, सदाशिवने खनिज वाहायचा ट्रक विकला, तेव्हा त्याच्या बायकोने, विनिताने, गोव्याच्या किनाऱ्यावरच्या हरमल गावातल्या घरामागचा गोठा पाडून दोन खोल्या बांधल्या. त्यांत राहायला येणारे गोरे लोक म्हणजे तिचे 'पाहुणे'. नोंदणी नाही, पावती नाही. वाड्यावर, त्या साऱ्या वस्तीत, सगळ्यांचं असंच चाले. "घर आमचा, सरकाराचा काय गेला?" असं सदाशिव म्हणे, आणि विनितालाही ते पटे.

युरी नावाचा म्हातारा रशियन दर हिवाळ्यात यायचा. तिच्या हातची सोलकढी वाटी वाटी प्यायचा, तिला 'मामा' म्हणायचा. त्याच्या भाषेत मामा म्हणजे आई, हे कळल्यावर ती लाजून हसत सुटली होती.

एका सकाळी तो अंगणात कोसळला. शेजारची सुलोचना धावत आली. तिच्याकडेही चार पाहुणे होते. रुग्णवाहिका आली तशी ती विनिताच्या कानाशी लागली, "दर्यार पडललो गावलो म्हणान सांग. नायतर आमी सगळीच अडाकतलव."

विनिताने मान हलवली. पण म्हापशाच्या इस्पितळात डॉक्टर विचारू लागले. छातीत कधीपासून दुखतंय? गोळ्या कुठल्या घेतो? शेजारी पोलीस उभा. किनाऱ्यावर सापडलेल्या माणसाच्या गोळ्या तिला कशा ठाऊक असणार?

निघताना पदरात घेतलेली त्याच्या गोळ्यांची पाकिटं तिने काढून टेबलावर ठेवली. "कालपासून दुखता त्याच्या. तो आमच्याकडेच रवता. भाडा घेतव आमी."

युरी वाचला. त्याची मुलगी येऊन त्याला घेऊन गेली. विनिताला मात्र नोटीस आली, खोल्यांना कुलूप लागलं, आणि तपासणीवाले घरोघर फिरले. ऐन हंगामात वाडा रिकामा झाला. सुलोचना विहिरीवर तोंड फिरवू लागली. सदाशिव तेवढा म्हणाला, "बरा केलंस." विनिता त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

पावसाळा सरता सरता सुलोचना दारात उभी राहिली. नवी साडी, हातात पिशवी, चेहऱ्यावर अजून थोडा राग.

"नोंदणीक पणजे जातंस म्हणे?"

"उद्या."

"माका घेवन चल. त्या ऑफिसात एकट्यान बोलूक माका भय दिसता."

"मगे साडी आजच कित्याक नेसलंस?"

"तू नाय म्हणशी तर आजच एकटी जातलय म्हणान!"

विनिताने हसत चहाचं आधण ठेवलं.