पालकाची सही

मुलींचा कुठलाही अर्ज पालकाच्या सहीशिवाय घ्यायचा नाही, अशी आमच्या कॉलेजची रीत होती. तालुक्याच्या गावचं कॉलेज. ऑफिसात बाई कारकून मी एकटीच. पुरुष कारकून कधी ढिले पडत, मी कधीच नाही. कामाला वाघ म्हणत मला. आज ते आठवलं की स्वतःचाच संताप येतो.

विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या पहिल्या दंगलीनंतर बरेच दिवस बंद राहून कॉलेज नुकतंच उघडलं होतं. राणीसावरगावकडची एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मेंढरं राखणाऱ्या घरातली, त्यांच्या गावातून कॉलेजात आलेली पहिलीच. मुलींच्या वसतिगृहात राहायची, सायन्सला होती. तिने घडी घातलेला अर्ज पुढे केला. जर्नल तपासायचं म्हणून एक प्राध्यापक तिला लॅबमध्ये एकटीला थांबवून घेतात, दार लोटतात आणि अंगाला हात लावतात, असं तिने तीन ओळींत लिहिलं होतं. खाली वळणदार सही.

त्या माणसाविषयी मलाही शंका होती. तरी तोंडातून निघालं ते एवढंच, की यावर पालकाची सही नाही, तसा नियम आहे.

"म्याडम, बाबाला नका कळू देऊ," ती म्हणाली. "माजं शिकणं बंद करतील. तुमी बाईमाणूस, म्हणून तुमच्यापाशी आले."

मी तिला समजावत बसले. बापाची सही असली की अर्जाला वजन येतं, मग प्राचार्यांना तो बाजूला सारता येत नाही, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. ती नको नको म्हणत राहिली. तासाची घंटा झाली तशी गेली, अर्ज माझ्याच टेबलावर राहिला. संध्याकाळी मी तो पाकिटात घातला आणि राणीसावरगावच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिला. तेव्हा चिठ्ठ्या-चपाट्या अशाच जात. आत माझी चिठ्ठीही होती, सही करून परत पाठवावा.

एवढं सगळं रीतसर केलं आणि एक गोष्ट विसरले. तिच्या प्रवेशाच्या फॉर्मवर बापाचा अंगठा होता. मीच तो पॅडवर दाबून कागदावर टेकवला होता.

वाचता न येणाऱ्याने पाकिटाचं काय करायचं? त्याने ते स्टँडवरच्या हॉटेलात वाचून घेतलं. पोरीच्या कॉलेजचा कागद आला म्हणून माणसं कौतुकाने गोळा झाली. बक्षीसबिक्षीस असेल, अशा समजुतीने वाचणाऱ्याने आवाज चढवला होता.

हे मला बापानेच सांगितलं, दोन दिवसांनी. खांद्यावर घोंगडी, बसा म्हटलं तरी बसला नाही. मुलगी मागे दारात उभी. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"दाखला द्या, बाई," तो म्हणाला. "समद्या गावानं ऐकलंय."

प्राचार्यांचं म्हणणं पडलं की आधीच वातावरण तापलेलं, त्यात हे नको. आणि मुलगीच चालली, तर चौकशी कशाची? दाखल्यावर कॉलेज सोडण्याचं कारण लिहायला एक रकाना असतो. त्यात मी माझ्या सुंदर अक्षरात 'घरगुती' असं लिहिलं. बापाने अंगठा दिला. मुलीने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. ते प्राध्यापक पुढे विभागप्रमुख झाले आणि शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. त्या समारंभातला पेढा मीही खाल्ला.

तेव्हापासून स्टँपपॅडचा वास आला की ती दारात दिसायची. भरदुपारी, चारचौघांत काम करताना मी दचकून मान वर करी. दारात कुणीही नसे.

विद्यापीठाचं नाव बदललं त्या साली ती खरंच आली. नव्या नावाचे शिक्के नुकतेच टेबलावर आले होते. दाखला हरवला होता, तिला नक्कल हवी होती, बाहेरून बी.ए. करायचं होतं. मी ओळखलं, तिनेही ओळखलं. मी जुन्या रजिस्टरवरून उतरवून दाखला तिच्या हातात दिला. तिने तो सावकाश वाचला आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"विद्यापीठाचं नाव बदललं, म्याडम. ह्ये न्हाई का बदलता येत?"

नक्कल मुळाबरहुकूमच द्यावी लागते, तसा नियमच आहे, असं मी सांगितलं.

"तवाबी तुमी नियमच म्हणल्या व्हत्या," ती म्हणाली. पोचेच्या वहीत स्वतःची सही केली आणि गेली.

मग मी जुन्या परिपत्रकांची कपाटं उपसली. दोन दिवस लागले. पालकाच्या सहीचा नियम सापडला. वसतिगृहातून सुट्टीला घरी जाणाऱ्या मुलींच्या अर्जापुरता तो होता. दुसऱ्या कुठल्याही अर्जासाठी ती सही कुणी मागितलेलीच नव्हती. ती मागत होतो आम्ही, आणि सगळ्यांत कडकपणे मी.