पाऊण तासाचे आठशे

सातवीच्या वर्गात मी फळ्यावर लसावि काढत होते आणि हातातला खडू कुठे आहे तेच मला कळेना. खडू हातातच होता, पण हात माझा वाटत नव्हता. छातीवर कोणी पोतं ठेवलंय असं झालं. कानात दडे बसले. मागे पोरं कुजबुजत होती, ती लांब कुठेतरी नदीपलीकडे बोलताहेत असं वाटलं. मी टेबल धरून खाली बसले आणि मनात म्हणाले, झालं, चाळिशीही गाठली नाही.

शिपाईकाकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, रक्त घेतलं, दुसऱ्या दिवशी हृदयाची सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." हे सांगण्याचेही त्यांनी पैसे घेतले.

पुढच्या दोन महिन्यांत असं पाच वेळा झालं. एकदा भाजी घेताना, एकदा तर घरी कुकरच्या शिट्ट्या मोजताना. शेवटी नांदेडातल्याच एका मानसोपचार तज्ज्ञांकडे गेले. तोंडाला ओढणी बांधून गेले, कारण त्या गल्लीत माझ्या शाळेतल्या निम्म्या मुलांची घरं. त्यांनी मात्र नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "हा हृदयाचा आजार नाही, भीतीचा झटका आहे. गोळ्या देतो. पण गोळ्या अर्धं काम करतील. उरलेलं अर्धं बोलून व्हायला पाहिजे." आणि लातूरच्या एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. लातूर मला सोयीचं होतं. रेणापूर माझं माहेर, धाकटी बहीण लातुरात. बहिणीकडे जाते म्हटलं की कोणी काही विचारणार नव्हतं.

बाईंची फी पाऊण तासाचे आठशे रुपये. सुरुवातीला दर आठवड्याला यायला हवं, असं त्या म्हणाल्या. मी विनाअनुदानित शाळेत शिकवते. आमचा पगार किती असतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना खरं वाटणार नाही.

घरी आमची एक आरोग्य विम्याची पॉलिसी होती. नवऱ्याच्या मावसभावाने गळ्यात मारलेली. सहा वर्षं हप्ते भरतोय, एक रुपया परत मागितला नव्हता. मी त्या भावजींना फोन केला.

ते म्हणाले, "वहिनी, ॲडमिट झालात का?"

"नाही. बोलायला जायचं असतं. बसून."

"मग न्हाई बसत. चोवीस तास ॲडमिट पाहिजे."

"अहो भावजी, मला खाटेवर झोपायचं नाही. मला बोलायचंय."

"तेच सांगून राहिलो ना. बोलण्याला क्लेम नसतो."

मी कंपनीच्या फोनवरही विचारलं. गाणं ऐकवत ऐकवत वीस मिनिटांनी एक मुलगी आली आणि तिनेही पहिला प्रश्न तोच केला, ॲडमिट झालात का. मी म्हटलं, ॲडमिट व्हायची वेळ येऊ नये म्हणूनच तर जाते आहे. ती म्हणाली, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."

रविवारी भावजी घरी आले. चहा घेता घेता आवाज खाली करून म्हणाले, "वहिनी, एक काम करता येतं. ओळखीचा दवाखाना हाय. तीन दिवस झोपायचं. कागदावर डेंग्यू लिहू. आलेल्या पैशात तुमचं बोलणं बी होऊन जाईल. लई लोक करतात."

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. म्हणजे त्याला ते अगदीच अशक्य वाटलं नव्हतं. मला एवढा संताप आला की तो चहाचा कप मी त्यांच्या हातातून अर्धा भरलेला उचलून नेला. भीतीच्या झटक्याला पैसे नाहीत, पण न झालेल्या डेंग्यूला आहेत!

"एवढे पैसे देऊन परक्याशी काय बोलायचं?" नवरा रात्री म्हणाला. "मी आहे की."

मी म्हटलं, बरं, ऐक. आणि बोलायला लागले. तो ऐकतही होता, पण त्याच्या हातातल्या मोबाइलवर सोयाबीनचे भाव चालू होते. तो खत-बियाणांच्या दुकानात नोकरीला आहे, भाव बघणं त्याचं कामच. मी थांबले तेव्हा तो म्हणाला, "हं, मग?" मी आधीच थांबलेय हे त्याला कळलं नव्हतं.

मग मी संध्याकाळची एक शिकवणी वाढवली. नववीची चार पोरं, सात ते साडेआठ. त्यांच्या पैशातून बाईंची फी. तिसऱ्या का चौथ्या भेटीत बाईंनी मला विचारलं, "दिवसभरात तुम्ही स्वतःसाठी वेळ कधी काढता?"

मी म्हटलं, "मॅडम, पूर्वी संध्याकाळी काढायची. आता त्या वेळात तुमची फी कमवते."

बाई हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं त्यांनी.

दर आठवड्याला लातूर जमेना. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट, पण जाऊन-येऊन सात तास तर पूर्णच लागतात. म्हणून एक भेट समोरासमोर, पुढच्या तीन मोबाइलवर असं ठरलं. आता घरात दोन खोल्या. एकीत मुलगा अभ्यास करतो, दुसरीत आत्या असतात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. सासरे गेल्यावर हदगावकडचं गाव सोडून त्या आमच्याकडे आल्या, त्याला अकरा वर्षं झाली.

तर मी मोबाइल घेऊन गच्चीवर जायची. मार्च महिना होता, शनिवारी शाळा सकाळची, दुपारी गच्ची मोकळी. त्या दिवशी मी बाईंना सांगत होते, घरात मला एक मिनिट एकटीला मिळत नाही. शाळेतून निघायला दहा मिनिटं उशीर झाला की आत्यांचे फोनवर फोन. उचलेपर्यंत करतात. घरी आले की दारातच उभ्या. मला श्वास घ्यायला जागा नाही, मॅडम. कधी कधी वाटतं, त्या नसत्या तर...

वाक्य मी पुरं केलं नाही. पाण्याच्या टाकीमागे काहीतरी हललं. आत्या कुरडया राखत बसल्या होत्या. डोक्यावर ओला पंचा, हातात काठी. त्या उठल्या, माझ्याकडे न बघता जिना उतरून गेल्या. कुरडया तशाच राहिल्या आणि दोन कावळे येऊन बसले.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी कणीक मळत होते तेव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या.

"लातूरच्या बाईला तू मपलं गाऱ्हाणं सांगून राहिलीस."

"आत्या, तसं नाही..."

"आन वर पैसे बी देऊन राहिलीस."

मी कणीक मळत राहिले.

"मला बी यायचंय. बघू दे ती बाई कोण हाय ते."

नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला चालत असेल तर सुरुवातीची दहा मिनिटं त्यांना आत बसू द्या, मग त्या बाहेर थांबतील आणि आपण बोलू. मी म्हटलं, दहा मिनिटं चालतील.

पुढच्या रविवारी आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. आत्यांनी नवं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत बाईंसाठी कुरडया घेतल्या होत्या. जिला जाब विचारायला निघालोय तिच्यासाठी कुरडया!

बाईंची खोली एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. दोन खुर्च्या, एक छोटं टेबल, त्यावर कागदी रुमालांचा डबा. त्या दिवशी तिसरी खुर्ची आणून ठेवली होती. आत्यांनी डब्याकडे बोट दाखवलं.

"हे कशाला?"

"कधी कधी लोकांना रडू येतं, आजी," बाई म्हणाल्या.

"पैसे देऊन रडतात?"

"हो."

आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फसवली गेल्याचा पुरावाच त्यांना सापडला. मग बाईंनी विचारलं, सुनेबद्दल तुम्हाला काय सांगायचंय. आत्यांनी तक्रार सुरू केली. ही वेळेवर जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, फोन केला की चिडते. घरच्या बाईला यायला उशीर झाला तर फोन करू नये का?

"उशीर झाला की तुम्हाला काय होतं?" बाईंनी विचारलं.

साधा प्रश्न होता. अकरा वर्षांत मी तो त्यांना विचारला नव्हता. आत्यांनी पदर मांडीवर सारखा केला. मग खाली बघून बोलायला लागल्या.

त्या नऊ वर्षांच्या होत्या. बहात्तरचा दुष्काळ. आईबाप खडी फोडायला जायचे. घरी त्या आणि झोळीतला भाऊ, आठ महिन्यांचा. त्या दिवशी भावाला ताप होता. आई म्हणाली, याला पाणी पाजत राहा. घागरीतलं पाणी संपलं म्हणून त्या आडावर गेल्या. आडाला पाणी तळाशी थोडंसंच होतं, बायांची रांग होती, एकेक पोहरा भरायला वेळ लागायचा. पुढच्या बाया पोरीला पुढे जाऊ देईनात.

"मी आले तवा झोळी हालत नव्हती," आत्या म्हणाल्या. "म्या त्याच्या तोंडात पाणी घातलं. भाईर आलं."

बाईंनी वही मिटून ठेवली.

"माय काई बोलली न्हाई. बाप बी न्हाई. पुढं मरेस्तोवर त्याचं नाव काढलं न्हाई कोणी. मायनं मारलं असतं ना, तर बरं झालं असतं."

त्यांच्या डोळ्यात पाणी नव्हतं. पीठ किती चाळलं हे सांगावं तसं सांगत होत्या. रुमाल मीच घेतला. आणि आता खरं लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. मला रडू येत होतं आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळही दिसत होतं. दहाची वीस झाली, वीसची तीस. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, म्हणजे थांबवू का, असं. मी मानेनेच नको म्हटलं. काय म्हणणार होते? आत्या, तुमचा भाऊ राहू द्या, माझा नंबर आहे?

पाऊण तास संपला. बाहेर दुसरे लोक बसले होते. बाई दारापर्यंत आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचं आपण पुढच्या वेळी नक्की बोलू." मी आठशे रुपये दिले. कुरडया त्यांनी घेतल्या.

परतीच्या गाडीत आत्या खिडकीशी बसल्या. चाकूर आलं. मग म्हणाल्या, "येवढ्याशा बोलायला आठशे रुपये? लुटून राहिले लोकाला."



अहमदपूरला गाडी थांबली, त्यांनी भजी घ्यायला लावली, खाल्ली, हात पुसले आणि विचारलं, "आता पुन्यांदा कधी जायचं?"

माझा बांध तिथे फुटला. चौदा वर्षांच्या संसारात मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. तो भरलेल्या एसटीत चढवला. "पुन्हा? माझा वेळ खाल्लात तुम्ही, आत्या! चार पोरांना महिनाभर बीजगणित शिकवते तेव्हा ते पैसे येतात. मला मरायची भीती वाटते हो रोज, रोज! ते सांगायला मी जाते. तिथेही तुम्हीच!"

कंडक्टरने मागे वळून बघितलं. पुढच्या बाकावरच्या बाईने पोराला मांडीवर घेतलं. मला वाटलं आता झटका येणार. हात बघितले. हात माझेच होते. छाती धडधडत होती, पण ती रागाने.

आत्यांनी पिशवी मांडीवर घेतली. लोहा गेल्यावर हळूच म्हणाल्या, "रोज वाटती?"

"हाव," मी म्हटलं.

"मला न्हाई सांगितलंस."

"तुम्ही तरी भावाचं कुठं सांगितलं होतं?"

नांदेड येईपर्यंत आम्ही बोलत होतो. सगळं नाही, थोडंच. तिकडे घरी नवऱ्याला फोन करायला आम्ही दोघीही विसरलो, आणि तो स्टँडवर येऊन उभा होता, घाबराघुबरा.

यानंतर सगळं नीट झालं असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. झटके कमी झाले, गेले नाहीत. गोळी अर्धी झाली. लातूरला मी आता महिन्यातून एकदा जाते, कारण त्याहून जास्त परवडत नाही. तीनदा जायला हवं असं बाई अजूनही म्हणतात आणि मी हो म्हणते. आत्या दोन-तीन महिन्यांतून एकदा येतात, त्यांचा पाऊण तास वेगळा असतो आणि लाडक्या बहिणीचे जे पैसे त्यांच्या खात्यात येतात त्यातून त्या स्वतःची फी भरतात. देताना प्रत्येक वेळी नोटा दोनदा मोजतात आणि बाईंना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणतात, लई झाले. फोन अजूनही करतात. मात्र आता दोनदा वाजवून ठेवून देतात.

गेल्या महिन्यात भावजी नवी पॉलिसी घेऊन आले. म्हणे हिच्यात ॲडमिट न होताही पैसे मिळतात. मी चष्मा लावून सगळी पानं वाचली. बारीक अक्षरात समुपदेशन वगळलेल्या गोष्टींत होतं, दातांच्या उपचारांच्या वरच्या ओळीत. मी बोट ठेवून दाखवलं.

भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही लई वाचता."

आत्या आतून म्हणाल्या, "त्याला चहा देऊ नको."