दत्ताला हललेली फ्रेम चालत नाही

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. जिवावर बेतलं की ते आपोआप साठतात! आमचे तर सगळे कॅमेरा हलू नये यापायी साठले. लोक ऐकून हसतात, पण त्या त्या वेळी माझी पार टरकलेली असायची.

आम्ही तिघं. दिग्दर्शक दत्ता, साउंड अन् मोटारसायकल सांभाळणारे इक्बालभाई आणि कॅमेऱ्यावर मी. दत्ता सास्तूरचा. त्र्याण्णवच्या भूकंपात त्याची थोरली बहीण गेली, तेव्हा तो रांगत होता. ती कशी गेली, हे आईनं त्याला कधीच सांगितलं नाही. आमची फिल्म त्यावरच होती.

*

बेंबळीच्या रस्त्यावर पळता शॉट हवा होता. कॅमेरा हातात स्थिर ठेवणारी गिंबल घेतली. इक्बालभाईंच्या पाठीला पाठ लावून मी मोटारसायकलवर उलटा बसलो, गमछ्यानं दोघांना बांधलं. पुढचं मला काही दिसेना.

अचानक इक्बालभाई ओरडले, "या अल्ला!"

मी डोळेच मिटले. "काय झालं हो?"

"काय न्हाय. म्हैस व्हती. गेली."

फुटेजमध्ये तिची शेपटी दिसते. एकदम स्थिर!

*

ढोकीला गिंबलची बॅटरी उतरली. दत्ता म्हणाला, "उसाच्या ट्रॉलीवर पालथा झोप, कॅमेरा उसात रुतवून धर." वळणावर ट्रॉली एका अंगाला कलली. मी एका हातानं ऊस गच्च धरला.

मोटारसायकलवरून दत्ता ओरडला, "फ्रेम हलतीय!"

"फ्रेम न्हाय रे, ट्रॉली हलतीय!"

*

एकदा शेतात ज्वारीच्या पोत्यावर कॅमेरा टेकवून मी आडवा पडलो होतो. पोत्याखालून साप निघाला. दत्ता कुजबुजला, "हलू नको."

"मला म्हणतो का कॅमेऱ्याला?"

"दोघांला!"

*

शेवटी दत्ताची आई कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार झाली. एकदाच सांगीन, पुन्हा विचारायचं नाही, अशी तिची अट. दत्तानं गिंबल बाजूला ठेवली. जड ट्रायपॉड फरशीवर रोवला, पायांवर वाळूच्या पिशव्या टाकल्या. भर दुपार होती. आई खुर्चीत बसून बोलू लागली.

"तिला म्या भिंतीकडं निजवलं व्हतं..."

फ्रेम थरथरली.

"हात काढ!" दत्ता माझ्यावर खेकसला.

"म्या हात लावलाच न्हाय!"

दाराची कडी वाजू लागली. आई उठली आणि दत्ताचा दंड धरून त्याला ओढतच बाहेर घेऊन गेली. मी कॅमेरा काढला अन् मागोमाग पळालो, इक्बालभाई माझ्या पुढं. बाहेर अख्खी गल्ली रस्त्याच्या मधोमध उभी होती. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. दुसरा धक्का आला नाही, तरी आत कोणी जाईना.

मला वाटलं, संपलं, आता ही बोलायची नाही.

आई रस्त्यातच खाली बसली. दत्ताचा दंड तिनं अजून सोडला नव्हता. "तुला असंच वढलं व्हतं," ती म्हणाली. "तिच्यापत्तूर हात पोचला न्हाय, बाळा."

मी कॅमेरा उचलला. हातातली फ्रेम काही केल्या स्थिर राहीना. "दत्ता, लई हलतंय. ट्रायपॉड आणू का आतून?"

दत्ता आईकडंच बघत होता.

"हलू दे."