साबणाच्या डबीतली बेल

लग्न होऊन मी सानपाड्याला आले तेव्हा माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता, सोल्डरिंगची कांडी होती आणि नोकरी नव्हती. नवरा बेलापूरला ऑफिसात गेला की घरात सासूबाई आणि मी. त्यांना ऐकू कमी यायचं, पण कानातल्या मशीनचं नाव काढलं की भडकायच्या. "मी काय म्हातारी झालेय?"

एकदा मी मुलाखतीला गेले असताना त्यांची धाकटी बहीण चिपळूणहून आली. तिने बेल वाजवली, दार बडवलं. सासूबाई आतून कडी लावून स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसलेल्या. शेवटी बहीण दारात फणस ठेवून आपल्या मुलीकडे निघून गेली. मी परतले तेव्हा शेजारच्या काकूंनी त्यांच्या गॅलरीतून आमच्या खिडकीवर काठी आपटली, मग कुठे दार उघडलं. फणस बघून सासूबाई रडायलाच लागल्या. "एवढ्या लांबून आली गं, आणि मी दारसुद्धा उघडलं नाही."

दुसऱ्याच दिवशी मी लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठला आणि मूठभर सामान आणलं. सासूबाई समोर येऊन बसल्या. ऐट दाखवायला मी एक लाल एलईडी थेट नऊ व्होल्टच्या बॅटरीला लावला. क्षणभर झगझगला आणि गेला.

"मेला का गं?"

"मेला. करंट आवरायला मधे रेझिस्टर लागतो."

"मग लावायचास की!"

मग रेझिस्टर लावले, दोन ट्रान्झिस्टर आणि दोन कपॅसिटर जोडले. एक दिवा विझला की दुसरा लागायला हवा होता. पण लालच पेटून बसला, हिरवा ढिम्म. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं, एका ट्रान्झिस्टरचे पाय उलटे जोडलेत. तो काढून फिरवला, आणि लाल-हिरवा, लाल-हिरवा सुरू झालं.

"अगंबाई, डोळे मिचकावतंय!" सासूबाई टाळ्या पिटत म्हणाल्या.

सगळं साबणाच्या डबीत बसवलं आणि दारावरच्या बेलच्या बटणापासून लांबलचक वायर सोडली. बाहेर कुणी बटण दाबलं की डबीतले दिवे लुकलुकायचे. सासूबाई ती डबी घरभर घेऊन फिरायच्या. आधी ओट्यावर, मग टीव्हीवर. दार एकदम पटकन उघडायला लागलं. शेजारच्या काकू मूळच्या करावे गावच्या. डबी बघून म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांना पन एक बनवून दे. त्यांना पन काय ऐकू येत न्हाय." तीही बनवली.

महिन्याभरानंतरची गोष्ट. दुपारी मी बटण दाबत उभी, दार काही उघडेना. बऱ्याच वेळाने उघडलं. बघते तर टीव्हीवर मालिका चालू आणि डबीवर टॉवेल.

"आई, दिवा लागला नाही?"

"लागला होता. सारखं लुकलुकत होतं, म्हणून झाकला," त्या परत खुर्चीत बसत म्हणाल्या. "मला वाटलं, ती दारोदार कपड्यांची पावडर विकणारी बाई असेल."