तांदळातलं नाव

नवरा गेल्यावर घरात बोलायला भिंतीच उरल्या, म्हणून पंचावन्नाव्या वर्षी मी परळच्या एका बालवाडीत नोकरी मागितली. पगाराचं सोडा, मला कानावर मुलांचा गलका हवा होता. मुलाखत झकास झाली. मग ऑफिसातल्या मुलीने विचारलं, "मॅडम, परदेशात कधी काम केलंय?" लग्नाआधी तीन वर्षं मी मस्कतच्या पाळणाघरात होते. खरं सांगितलं आणि अडकले. लहान मुलांजवळ काम करायचं तर तिथल्या पोलिसांचाही दाखला लागतो म्हणे. नियम योग्यच. मला मूल असतं तर मीही हटून बसले असते.

दोन महिन्यांनी दाखला आला. गुन्हा काही नाही, पण नाव माहेरचं. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. माझं आडनावासकट पहिलं नावही त्या तांदळांत गेलं.

"मग ही बाई कोण?" मुलीने दाखला दाखवत विचारलं. माझंच डोकं फिरलं. लग्नाची नोंद आम्ही केली नव्हती. तेव्हा चाळीत कोण करत होतं! शेवटी ती म्हणाली, "दोन्ही नावांनी ओळखणारं कोणी असेल, तर प्रतिज्ञापत्रावर त्यांची सही आणा."

घरी येताना आठवून पाहिलं. आई, वडील, भाऊ, नवरा, सगळे गेले. लालबागची माहेरची चाळ पाडली तेव्हा मैत्रिणी कुठे कुठे पांगल्या. माझ्या लग्नाला आलेल्या एका शेजारच्या काकींचा तेवढा पत्ता लागला. करी रोडच्या टॉवरमध्ये, बाविसाव्या मजल्यावर, दिवसभर एकट्याच असायच्या.

दार उघडताच म्हणाल्या, "खंय होतंस गो इतकी वर्सां?" मला रडूच आलं. वीस मिनिटांच्या अंतरावर राहून मी एकदाही गेले नव्हते. त्यांनी चहा केला, चष्मा शोधला आणि सही केली. नोकरी मिळणार या आनंदात मी घाईने निघाले.

पॅसेजमध्ये मागून कोणीतरी कोणाला तरी नावाने हाक मारत होतं. मी लिफ्टचं बटण दाबलं. पुन्हा हाक आली. असेल त्या नावाची कोणी शेजारीण, म्हणून मी वळलेही नाही.

काठी टेकत काकी माझ्यापर्यंत आल्या. हातात मी टेबलावर विसरलेला, माहेरच्या नावाचा तो दाखला होता.

"तुकाच हाक मारतंय गो," त्या म्हणाल्या.